किमोनंतर तोंडाची चव आणि भूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे. किमोच्या, म्हणजे कर्करोगावरच्या केमोथेरपीच्या, वॉर्डात माझ्याकडे येणाऱ्या नातेवाइकांच्या हातात बहुतेक वेळा भरलेला डबा असतो. औषधांचं सगळं डॉक्टरांना विचारून झालेलं असतं, माझ्यापुढे ते डब्याचं झाकण उघडतात आणि म्हणतात, "बघा मॅडम, एक पोळी दिली होती, तीही तशीच." काही वर्षांपूर्वी माझ्या आईच्या जठराचा मोठा भाग काढला, पुढे किमो झाली, तेव्हा असा डबा मीही परत नेलाय. त्यामुळे खालची उत्तरं थोडी कामातली, थोडी घरातली आहेत. तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा वेगळं सांगितलं असेल, तर त्यांचं ऐका. त्यांनी तुमची फाइल पाहिलेली असते, मी नाही.

"तोंडाला चव नाही" म्हणजे नक्की काय होतं?

हे वाक्य ऐकलं की मी आधी उलटे प्रश्न विचारते, कारण त्यात चार-पाच वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. कुणाला सगळं अळणी, पुठ्ठा चावल्यासारखं लागतं. कुणाला चव लागते, पण चुकीची: पाणी कडू, गोड नकोसं गोड. कुणाची जीभ ठीक असते, पण वासानेच शिसारी येते. कुणाचं तोंड कोरडं पडलेलं असतं आणि घास नुसता गालात फिरत राहतो. कुणाचं तोंड आलेलं असतं, म्हणजे खायची इच्छा आहे पण झोंबतं. आणि काहींना यातलं काहीच नसतं, फक्त भूक मेलेली असते. अन्नावरची वासनाच उडालेली असते.

प्रत्येकावर करायचं ते वेगळं. तोंड आलेल्या माणसाला कुणीतरी सांगितलं म्हणून लिंबाचं लोणचं दिलं, तर तो दिवसभर तोंड उघडणार नाही. म्हणून "काय खाशील?" असं विचारण्याआधी "खाल्लं की काय होतं?" हे विचारून घ्या.

पण चव जातेच कशी?

जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशी साधारण १० ते १४ दिवसांत जुन्या होऊन बदलतात. किमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात, त्यात या पेशीही सापडतात. तोंडाचं आतलं अस्तर आणि केस यांचंही तसंच. काही औषधं रक्तातून लाळेत उतरतात, त्यामुळे सलाईन चालू असतानाच तोंडात विचित्र चव येते. सिस्प्लॅटिन, डॉक्सोरुबिसिन, सायक्लोफॉस्फमाइड, पॅक्लिटॅक्सेल, डोसेटॅक्सेल ही नावं फाइलवर असतील तर ही तक्रार येणार असं धरून चाला.

शिवाय आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. सर्दीत आमटी बेचव लागते ती याचमुळे.

सगळं कळकल्यासारखं लागतं. काय करावं?

हा शब्द मला एका आजीबाईंनी दिला. "मॅडम, कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कसं कळकतं, तसं तोंड झालंय." धातूसारखी चव म्हणजे काय, हे इतक्या नेमकेपणाने माझ्या पुस्तकांत कुठे लिहिलेलं नव्हतं.

सगळ्यात आधी स्टील बाजूला ठेवा. चहा चिनी मातीच्या कपात, जेवण काचेच्या किंवा मेलामाइनच्या ताटलीत, चमचा लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा. फरक सगळ्यांना पडत नाही, पण ज्यांना पडतो त्यांना पहिल्या घासात पडतो.

जेवणाच्या आधी आणि नंतर चूळ भरा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा. हे पाणी रोज नवीन करायचं आणि गिळायचं नाही. अल्कोहोल असलेले बाजारातले माउथवॉश टाळा, तोंड आणखी कोरडं पडतं.

मटण आणि चिकन सहसा सगळ्यात जास्त कळकतात. तिथे अडून बसू नका. अंडं, पनीर, दही, मूग, मटकी चालतं का बघा. मासे खाणाऱ्यांना वासामुळे मासे नको होतात, पण कधीकधी थंडगार कोशिंबिरीत मोडून घातलेला उकडलेला मासा जातो.

तोंड आलेलं नसेल तर आंबटाचा उपयोग होतो, आणि याबाबतीत आपलं स्वयंपाकघर श्रीमंत आहे. आमसुलाचं सार, सोलकढी, लिंबू पिळलेलं वरण, चिंचगुळाची आमटी. जिभेला आंबट लागलं की लाळ सुटते, आणि लाळ सुटली की निम्मं काम होतं. सगळं जास्त गोड लागत असेल तर मिठाची कणी आणि लिंबू. सगळं खारट लागत असेल तर किंचित गूळ.

फोडणी टाकली की आईला उमासे येतात. फोडणीशिवाय स्वयंपाक कसा करायचा?

करता येतो. हिंग-मोहरीचा तडका, कांदा-लसणाचा मसाला परतण्याचा वास आणि कुकरची वाफ हे तीन मुख्य गुन्हेगार. फोडणीची कामं पेशंट झोपलेला असताना किंवा गच्चीवर असताना उरका, खिडकी उघडून, स्वयंपाकघराचं दार लावून. कुकर पूर्ण गार झाल्यावर उघडा. जेवण वाफाळतं वाढू नका. अन्न जितकं गरम, तितका वास जास्त. कोमट किंवा गार पदार्थ वासाला सौम्य असतात.

फोडणीवाचून होणारे पदार्थ आजीच्या काळापासून आहेतच: गुरगुट्या भात, मेतकूट आणि तूप; मुगाचं कढण; नाचणीची आंबील; पेज; दहीपोहे. तांदळाच्या उकडीत ताक आणि आलं असतं, फोडणी वगळली तरी ती तग धरते.

परगावाहून येऊन धर्मशाळेच्या एका खोलीत एकाच शेगडीवर रांधणाऱ्यांना वरचं सगळं जमत नाही. मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात उपचार घेणारी कितीतरी कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात. अशा ठिकाणी मी सांगते की फोडणीच सोडा. जिरेपूड, सैंधव आणि तूप वरून घ्या.

जठराच्या ऑपरेशननंतर बाबांना भूकच लागत नाही. नाटक तर करत नाहीत ना?

नाही. भूक लागल्याचा निरोप मेंदूकडे नेणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठरातच तयार होतं. जठर किंवा त्याचा मोठा भाग काढला की निरोप्याच घटतो. वर, जी जागा उरली ती चार घासांत भरते. म्हणजे भूक लागत नाही आणि पोट लगेच भरतं, दोन्ही एकदम. अशा माणसाने भुकेची वाट बघत बसायचं नसतं. घड्याळ बघून खायचं असतं. दिवसातून सहा ते आठ वेळा, अर्धी वाटी. जेवताना पाणी नको. अर्धा तास आधी किंवा अर्धा तास नंतर, घोटघोट. नाहीतर पाण्यानेच पोट भरतं, आणि अन्न भराभर आतड्यात ढकललं जातं.

या ढकलण्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या घरी त्यावरून मोठी घबराट झाली होती. ऑपरेशनला महिना झाला होता. शेजारच्या काकूंनी प्रेमाने साबुदाण्याची खीर आणली, आईला ती कधी नव्हे इतकी आवडली आणि तिने वाटी संपवली. आम्ही खूश. वीसेक मिनिटांनी तिला दरदरून घाम, छातीत धडधड, पोटात कळ. भावाने रिक्षा बोलावली, काकू देवापुढे जाऊन बसल्या. हृदयाचं काही नव्हतं. जठराचं धरण नसल्याने गोड, पातळ खीर एकदम आतड्यात उतरली होती. याला डंपिंग म्हणतात. कधीकधी हाच त्रास एक ते तीन तासांनी होतो, तेव्हा रक्तातली साखर खाली जाऊन हातपाय थरथरतात. म्हणून जठराच्या पेशंटला गूळपाणी, खीर, शिरा, साखरेचा चहा, फळांचे रस जपून. सुकं आणि प्रथिनांचं आधी. खाल्ल्यावर थोडं टेकून बसलं तरी बरं वाटतं.

मी आहारतज्ज्ञ असून माझ्याच घरात ही खीर वाढली गेली. तेव्हा तुमच्याकडून चूक झाली तर मनाला लावून घेऊ नका.

जठर पूर्ण काढलं असेल तर बी-१२ आयुष्यभर बाहेरून घ्यावं लागतं, सहसा इंजेक्शनने. लोहाकडेही लक्ष हवं. जिभेची आग आणि थकवा यामागे कधीकधी हीच कमतरता असते, आणि घरचे किमोला दोष देत बसतात.

जीभ किंवा जबड्याचं ऑपरेशन आणि रेडिएशन झालंय. आमचं यात काहीच बसत नाही.

बरोबर, तुमचं गणित वेगळं आहे. तंबाखू-मशेरीमुळे आपल्याकडे तोंडाचे कर्करोग खूप, त्यामुळे हा प्रश्नही खूप येतो. जिभेचा भाग काढला तर चवीपेक्षा मोठी अडचण घास फिरवायची आणि गिळायची असते. घास चुकून श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून पातळ द्यायचं की घट्ट, हे घरी ठरवू नका, गिळण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या थेरपिस्टकडून तपासून घ्या. खाताना ठसका लागणं किंवा आवाज ओला, घोगरा होणं या धोक्याच्या खुणा.

रेडिएशनमध्ये साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून चव उतरायला लागते. लाळ घट्ट, चिकट होते, मग कमी होते. कोरडं अन्न बंद करा. पोळी दुधात किंवा वरणात कुस्करून, भातावर कढी, सगळं ओलसर. पाण्याची बाटली सतत जवळ हवी. लाळ कमी झाली की दात भराभर किडतात, त्यामुळे दंतवैद्याला विसरू नका.

स्वरयंत्र काढलेल्या माणसाला वास येत नाही, कारण श्वास आता गळ्याला पाडलेल्या छिद्रातून चालतो, नाकातून हवा जातच नाही. ओठ मिटून जांभई दिल्यासारखा जबडा खाली नेला की नाकात थोडी हवा ओढली जाते. नेदरलँड्समधल्या तज्ज्ञांनी याचं रीतसर तंत्र बसवलंय आणि स्पीच थेरपिस्ट ते शिकवू शकतात. एका काकांना असा पहिला वास आला तो भजीचा. भजी त्यांना खाता येत नव्हती, तरी बायकोला त्यांनी परत एक घाणा काढायला लावला.

किमोच्या दिवशी हे राक्षसासारखे जेवतात आणि चौथ्या दिवशी ताटाकडे बघत नाहीत. असं का?

उलटी होऊ नये म्हणून किमोसोबत डेक्सामेथासोन देतात. ते स्टेरॉइड आहे, भूक वाढवतं, झोप उडवतं, मधुमेह असेल तर साखरही चढवतं. ते थांबलं की भूक धपकन खाली येते. एकदा हे चक्र लक्षात आलं की कॅलेंडरवर लिहून ठेवा. बरे दिवस असतील तेव्हा खाऊन घ्या. वाईट दिवसांत आवडीचा पदार्थ देऊ नका. मळमळीत खाल्लेल्या पदार्थाचा मनाला जो वीट येतो तो पुढे कित्येक महिने जात नाही. पुरणपोळी वाचवायची असेल तर तिला त्या आठवड्यात लांब ठेवा.

थंड पाणी प्यायलं की घशात काटे टोचतात.

फाइलवर ऑक्सॅलिप्लॅटिन आहे का बघा. त्या औषधाने काही दिवस थंडीची टोचणी लागते, फ्रिजच्या दाराला हात लावला तरी. अशांसाठी वर सांगितलेलं "गार जेवण" नाही, कोमट.

मलावरोध झालाय, त्याचा भुकेशी संबंध आहे?

खूप. उलटी थांबवणाऱ्या ऑन्डॅनसेट्रॉनसारख्या गोळ्यांनी आणि दुखण्याच्या काही औषधांनी पोट बांधलं जातं, आणि पोट साफ नाही तर भूक कशी लागणार? लोक हे सांगायला लाजतात. सांगा, साधं औषध असतं.

किती खायला हवं?

ढोबळ हिशोब: वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशोब डॉक्टरांकडून बदलून घ्या. ५० किलोच्या बाईला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंडी (१२ ग्रॅम), अर्धा लिटर दूध-दही मिळून (१६), ५० ग्रॅम पनीर (९), दोन वाट्या घट्ट वरण (१२), मूठभर दाण्याचा कूट (७) आणि उरलेलं पोळी-भातातून. आकडा मोठा वाटतो, म्हणून चोरून घालायचं: पेजेत दूध पावडर, खिचडीत दाण्याचा कूट, उकडीत तुपाचा जास्तीचा चमचा, धिरड्यात अंडं. चार घासच जाणार असतील तर ते चार घास दणकट असू द्या. गाळलेल्या भाजीच्या सूपने पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही. पेशंटला सूपच द्यायचं ही समजूत कुठून आली कोण जाणे.

साखर बंद करायची का? कर्करोग साखरेवर वाढतो म्हणतात.

साखर सोडल्याने गाठ उपाशी मरते, याला पुरावा नाही. शरीरातल्या सगळ्याच पेशी साखर वापरतात, आणि ती खाल्ली नाही तर शरीर स्नायू मोडून बनवतं. मधुमेह किंवा डंपिंग असेल तर गोष्ट वेगळी. ज्या माणसाच्या तोंडात फक्त लापशी जातेय, त्याच्यापुढून ती काढून घेऊ नका.

झिंकच्या गोळ्या, गव्हांकुराचा रस, काढे?

झिंकने चव परत येते असं खूप ऐकू येतं, पण डोक्या-मानेच्या रेडिएशनवर झालेल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, आणि मनाने जास्त घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. रस आणि काढे औषधांत लुडबुड करू शकतात, आणि पांढऱ्या पेशी कमी असताना कच्चा रस हा जंतुसंसर्गाचा धोका. देताय तर निदान डॉक्टरांना सांगून द्या. लपवून देणारे बरेच भेटतात.

भूक लागायची गोळी असते का?

असते, पण ती डॉक्टरांनीच द्यायची. मेजेस्ट्रॉलने भूक वाढते, मात्र रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो आणि वाढलेलं वजन बरंचसं चरबीचं असतं. ओलान्झापिन हे मुळात मानसिक आजारांवरचं औषध. पुद्दुचेरीच्या जिपमेर या सरकारी वैद्यकीय संस्थेत जठर, यकृत-स्वादुपिंड आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना किमोसोबत ते रोज अवघं २.५ मिलिग्रॅम दिलं, तेव्हा भूक आणि वजन दोन्ही सुधारलं. २०२३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. झोप येते, म्हणून रात्री देतात. औषध स्वस्त आहे, म्हणून विचारून पाहायला हरकत नाही.

खायचा आग्रह करावा का?

माझ्या कामातले सगळ्यात जास्त अश्रू या प्रश्नापाशी येतात, आणि ते बहुधा वाढणाऱ्याचे असतात. आपल्याकडे प्रेम ताटातून मोजतात. "एवढं एक घे, माझी शपथ." पेशंट खातो, आणि दहा मिनिटांनी ते बाहेर येतं. मग दोघंही एकमेकांची नजर चुकवतात.

मी घरात दोन नियम करायला सांगते. ताट आठवडाभर मोजायचं नाही, वजन मोजायचं: दर सोमवारी, सकाळी, त्याच काट्यावर. पायावर सूज किंवा पोटात पाणी असेल तर मात्र काटा फसवतो, तेव्हा दंड बारीक होतोय का ते बघा. दुसरा नियम, विचारण्याची पद्धत बदला. "काय करू?" या प्रश्नाचं उत्तर "काही नको" हेच येतं. "उकड की दहीभात?" असं विचारलं तर निवड येते. आणि छोट्या ताटलीत वाढा. मोठ्या ताटात अर्धी वाटी भात बिचारा दिसतो, उरला की पेशंटला हरल्यासारखं होतं.

आईशी मी पहिले दोन महिने भांडत होते. सकाळची किमोची गोळी खाल्ल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असायची, त्यामुळे नाश्त्याला सुट्टी नव्हती. एक दिवस ती म्हणाली, "तू घास मोजतेस ते मला ऐकू येतं." त्यानंतर मी तिच्यासमोर बसून माझा चहा प्यायला लागले आणि ताटलीकडे बघायचं सोडलं. ती एकदम भरपूर खायला लागली असं काही झालं नाही. पण उलट्या कमी झाल्या.

डॉक्टरांना लगेच कधी कळवायचं?

ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर सकाळची वाट न बघता. दिवसभर पाणीही टिकत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, गिळताना अडकत असेल तर त्याच दिवशी. महिन्याभरात वजन पाच टक्क्यांनी, म्हणजे ५० किलोमागे अडीच किलोने उतरलं, तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. जिभेवर पांढरे चट्टे असतील तर ती बुरशी असू शकते. तिच्यावर औषध आहे, आणि ती गेली की काहींची चव आठवड्याभरात सुधारते.

नळीतून अन्न द्यायचं म्हणतात. म्हणजे आता संपलं का?

नाही. नाकातली नळी किंवा पोटातली नळी ही बहुतेकांसाठी उपचार पार पडेपर्यंतची सोय असते. उशिरा घातलेली नळी कमी उपयोगी पडते, आणि घरचे ती लांबवतात ते या शब्दाच्या भीतीने. नळी असताना तोंडाने काय चालेल, ते गिळणं तपासणाऱ्यांना विचारा. कितीतरी जणांना चव घेण्यापुरता चमचा चालतो.

चव परत येते का? कधी?

किमोनंतर बहुतेकांची चव काही आठवड्यांपासून दोन-चार महिन्यांत परत येते. तोंडा-मानेच्या रेडिएशननंतर सहा महिने ते वर्ष, कधी जास्त. लाळ त्याहून हळू, आणि काहींची पूर्वीइतकी होत नाही. चव एकदम येत नाही, तुकड्यातुकड्याने येते.

आणि येते ती नेहमी जुनीच असते असंही नाही. आईला तिखट परत आवडायला लागलं, आमसुलाचं तर वेडच लागलं, पण चहा गेला तो गेलाच. चाळीस वर्षं सकाळी उठल्याउठल्या दोन कप पिणारी बाई. आता सकाळी कोमट ताक पिते, जिरेपूड घालून, चिनी मातीच्या त्याच कपातून. काकू अजून अधूनमधून विचारतात, "अर्धा कप तरी?"